बूट होत नाही

सोसायटीच्या ऑफिसात पंखा होता, पण लावायचा नाही,
पावत्या उडतात.
खारदांड्याची हवा जुन्या मशीनच्या पोटात शिरली होती,
कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक कळकावं
तसा कळकला होता त्याचा बोर्ड, हिरवागार.

नवा संगणक टेबलावर, अंगावरचं प्लास्टिकही न काढलेला.
काळ्या पडद्यावर एकच ओळ:
बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.

हेमलता तांडेल, सेक्रेटरी, चष्मा डोक्यावर सारून म्हणाली,
"आमचं बोटीवाचून अडतं, तुमचं बुटावाचून."
मी हसले नाही.
एफ-बारा दाबून दाबून माझंच बोट बधिर झालं होतं.

पुढचं पोर्ट सोडलं, मागचं धरलं.
सिक्युअर बूट बंद केलं.
(नवी मशीनं म्हणजे नव्या टॉवरचे वॉचमन,
तीस वर्षं दूध घालणाऱ्यालाही
ओळखपत्र मागतात.)
तरी तीच ओळ.

शेवटी पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला. आत
एकच फाईल, सव्वापाच जीबी,
न सोललेल्या नारळासारखी अख्खी.
"हे कोणी केलं?"
"भाच्यानं. कॉपी केली म्हणाला."
कॉपीच केली होती बिचाऱ्यानं.
पाणी आत, खोबरं आत,
मशीनकडे कोयता नाही.

पेनड्राइव्ह नव्यानं लिहायला घेतला. अकरा मिनिटं.
तेवढ्यात चहा आला, बाहेरून सुकटीचा वास आला,
एकजण दारातूनच डिझेलचा कोटा विचारून गेला.
"उद्या," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

सुरू झाला!
हायसं वाटलं, ते चार मिनिटं टिकलं.
बॅकअप पाचशेच्या डिस्कचा, नवी डिस्क दोनशे छप्पन्नची.
जागा अपुरी.
"माल किती आहे आत?"
"एकसष्ट जीबी."
"मग? रिकाम्या टोपल्यांचं कसलं भाडं?"
तिला काय सांगणार, की बॅकअप घेणारा
रिकामी जागाही मोजून घेतो, रिकामी म्हणून.
पण बरोबर तिचंच होतं.
एकेक विभाग सुटा उचलला, कडेनं आवळला, बसवला.
बूटचा भाग जुन्या धाटणीचा, तो मोडून पुन्हा मांडला.
सव्वासातला मशीन उभं राहिलं,
पेनड्राइव्ह काढून घेतल्यावरसुद्धा.

पडद्यावर जुनाच फोटो, नव्यानं रंगवलेली होडी, नाळेला हार.
रजिस्टर उघडलं.
शेवटची नोंद एकोणीस जानेवारी.
आज बावीस मे.
चार महिन्यांचा बर्फ नाही, डिझेल नाही,
चौतीस बोटी कुठे गेल्या, कधी आल्या, काही नाही.
कसं सांगावं म्हणून मी घसा खाकरत होते,
तोवर तिनं कपाट उघडलं होतं.

रघुवीर नाखवा, निवृत्त कारकून.
अजून रोज दुपारी यायचे, खुर्ची उरली नव्हती तरी.
खिडकीत बसून लिहायचे.
संगणकाबद्दल वाईट बोलले नाहीत कधी,
त्याला फक्त काही सांगितलं नाही.
लांबट वही, ओलीनं फुगलेल्या कडा,
एका पानाला खरोखरचं खवलं चिकटलेलं.

ती वाचत गेली, मी टाइप करत गेले.
"वीस जानेवारी. सोनसागर. डिझेल दोनशे लिटर, बर्फ बारा लाद्या."
"पुढे."
"एकवीस. सोनसागर रात्री परत नाही."
मी थांबले.
"लिही ना. खाली बारीक अक्षरात आहे:
आली, सकाळी. इंजिन."

दहाला आवरलं.
पेनड्राइव्हला तिनं जाळ्याचा एक बुचाचा तुकडा बांधला,
का ते मी विचारलं नाही.
जुनी मेलेली डिस्क पावत्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली
आणि पंखा लावला.

एक पावती उडालीच.